टोकणारी चिमाबाई

“कुठं ते सांगून जा. अपशकुन माझ्या माथी.”

हे चिमाबाईचं बोलणं. चिंचवडच्या बालगृहाच्या फाटकातून कुणीही मूल घेऊन निघालं की ती आडवी यायची. साहेब असो, पोलीस असो, मोटारीतून आलेली बाई असो. पदर कमरेला खोचून ती फाटकाच्या कडीवर हात ठेवायची आणि एवढंच म्हणायची. आपल्याकडं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर काम होत नाही, वाटेत खोळंबा होतो, असं मानतात. फार तर ‘लांब का?’ म्हणतात आणि वाट मोकळी करतात. चिमाबाई वाट मोकळी करायची नाही. म्हणून बालगृहातल्या बायका तिला टोकणी म्हणायच्या. जीपवाले तिला बघून गाडी मागच्या फाटकाला लावायचे. मग तीही मागच्या फाटकाला जायची.

पुढं पुढं तिच्या या सवयीला एक जोड मिळाली. दर गुरुवारी, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी असायची त्या दिवशी, पिंपरी कॅम्पाजवळच्या धर्मादाय दवाखान्याच्या ओसरीत बालगृहाचे, भगिनी मंडळाच्या शिशुगृहाचे आणि आळंदीच्या आश्रमाचे लोक एका बाकावर बसू लागले. कुठलं मूल कुणाकडं आहे, कुठं चाललं आहे, हे एकमेकांना तोंडानं सांगू लागले. नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हाही तो बाक चालू होता. बघणाऱ्याला वाटायचं, शहाणीसुरती माणसं आहेत, कुणीतरी विचार करून हे बसवलं असेल. तसं नव्हतं. तो बाक एका मोठ्या चुकीवर उभा होता, आणि त्या चुकीत पहिला हात चिमाबाईचा होता.

ती जन्मापासून टोकणी नव्हती. पिंपरीच्या जुन्या वस्तीतली ती सून. सासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं पवनेत सोडले. चिमाबाई काठावर उभी होती. देव बुडाले, पण अंगात मुरलेलं सगळंच पाण्याबरोबर जात नाही. मांजर आडवं गेलं तरी ती थांबायची नाही, अमावस्या पाळायची नाही. मात्र निघालेल्याला टोकू नये, हे तिच्या आईनं ओठांवर बोट ठेवून शिकवलेलं, ते तसंच राहिलं. मग कंपन्या आल्या. ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, पाखरांच्या आधी भोंगे उठवू लागले. तिचा नवरा भीमराज फाउंड्रीत लागला आणि छातीत धूळ साठून काही वर्षांतच गेला. मूलबाळ नव्हतं. चिमाबाई बालगृहात मुलांना न्हाऊमाखू घालायच्या कामाला राहिली. तिथली सगळी पोरं तिला मावशी म्हणायची, आणि तिला त्यात कमी काही वाटायचं नाही.

दुष्काळात बीडकडची माणसं भोसरीला शेडच्या बांधकामावर आली. त्यांतली एक बाई तापानं गेली. तिचा नवरा त्याआधीच कामाच्या शोधात निघून गेलेला, तो परतलाच नाही. मागं दोन लेकरं राहिली. कस्तुरा, सात-आठ वर्षांची. आणि भिवा, नुकताच पाय टाकायला लागलेला. पोलिसांनी दोघांना बालगृहात आणून सोडलं. कस्तुराची कंबर भावाला वाहून वाहून एका बाजूला कलली होती. तो खाली उतरला तरी ती तशीच वाकडी चालायची, जणू तो अजून तिथंच आहे.

बालगृहात इतकं लहान मूल ठेवायची सोय नव्हती. अधीक्षक अण्णासाहेब म्हणाले, “भिवाला भगिनी मंडळाच्या शिशुगृहात पाठवू. तिथं दूध आहे, पाळणे आहेत. इथं आपण त्याला काय, पाट्या-पेन्सिली चारणार?”

एका सकाळी जीप आली. कस्तुरानं बघितलं तर रडारड होईल म्हणून चिमाबाईनं तिला मागच्या वाफ्यात मेथी खुडायला धाडलं. भिवाला न्हाऊ घातलं, गालाला काजळाचं बोट लावलं आणि जीपमधल्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईच्या मांडीवर दिलं. भिवानं तिचा पदर मुठीत धरला होता. चिमाबाईनं त्याचं एकेक बोट सोडवलं. कुठं नेताय, असं विचारावं वाटलं. शब्द जिभेपर्यंत आलासुद्धा. पण लेकरू वाटेला लागलं आहे, त्याची वाट नीट होऊ दे, म्हणून तिनं तो गिळला. जीप धूळ उडवत गेली.

कस्तुरा फ्रॉकात मेथी घेऊन आली.

“मावशी, भिवा?”

“गेला. चांगल्या घरी गेला बघ.”

“कुठं?”

चिमाबाईला सांगता येईना. कस्तुरानं मेथी तिथंच सोडली आणि फाटकाच्या गजाला जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. घास तोंडात घ्यायची आणि तसाच धरून बसायची. रागावलं तरी तसंच, चुचकारलं तरी तसंच. चिमाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी आणते त्याला. मी आणते.” शब्द देऊन बसली आणि मग अण्णासाहेबांकडं गेली.

“साहेब, लेकरू मंडळात नीट पोचलं का, एकदा विचारून घ्या.”

“पोचलंच असेल. जीप मंडळाचीच होती.”

“व्हय, पर विचारायला काय जातं?”

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. “चिमाबाई, बालदिनाला प्रभावतीबाईंनी व्यासपीठावर सगळ्यांना हार घातले. मला गुच्छ दिला. गुच्छ. त्यातला झेंडू आदल्या दिवशीचा होता. मी त्यांच्या दारात विचारायला जायचं?”

ती स्वतः गेली. प्रभावतीबाई मंडळाच्या चिटणीस, हिशेबी आणि तोंडानं तिखट.

“अण्णासाहेबांकडून आमच्याकडं मूल? अहो, त्यांना वाटतं आम्ही त्यांची मुलं पळवतो आणि वर्तमानपत्रात फोटो काढतो. त्यांच्याकडून चिमणीसुद्धा आलेली नाही.”

“पर जीप तर तुमची हुती, बाई.”

“जीप आमची. त्या दिवशी दवाखान्यानं लशीच्या कामाला मागून नेली होती.”

“कुठं कुठं फिरली ते?”

“निघालेल्या माणसाला टोकून विचारायचं का मी?” प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि चिमाबाई खाली मान घालून जिना उतरली.

दवाखान्यात पांढऱ्या लुगड्यातली बाई सापडली. कुसुमताई नर्स. ती म्हणाली, “बालगृहातल्या पोरांना लस टोचायला आले होते. साहेब म्हणाले, जाता जाता एवढ्याला मंडळात सोडा. वाटेत हात लावून बघते तर अंग तापलेलं. मंडळवाल्या आजारी मूल दारातून परत लावतात, म्हणतात रोग आणता. मी इथंच ठेवलं. उतार पडल्यावर आळंदीच्या आश्रमाला दिलं. तिथं माया आहे.”

चिमाबाई आळंदीला गेली. इंद्रायणीच्या काठाला आश्रम, टाळ कुटत बसलेली पोरं, आणि सगळ्यांचा सांभाळ करणारे सोपानराव. भले गृहस्थ. त्यांनी तिला आधी पाणी दिलं, मग सांगितलं.

“आलं होतं माउली. हसरं पोर. आम्ही त्याला अंगडं शिवलं, ज्ञानबा म्हणायचो. पण अंगावर गोवर उठला. बाकीच्या पोरांना लागेल म्हणून मीच त्याला दवाखान्यात नेऊन दिलं. साखर घातली तोंडात निघताना.”

ती तशीच दवाखान्यात परत. कुसुमताई या वेळी पट्ट्या गुंडाळत होती. तिनं वर बघितलं नाही.

“परत आलं नाही.”

“सोपानराव म्हंत्यात, दिलं.”

“म्हणू देत. माझ्याकडं नाही आलं.”

आश्रम म्हणतो दिलं, दवाखाना म्हणतो आलं नाही. मधल्या मध्ये लेकरू विरघळून गेलं. चिमाबाई मोशीच्या वाटेनं, भोसरीच्या शेडांमधनं, कॅम्पातल्या गल्ल्यांतनं हिंडली. प्रत्येक कडेवरचं पोर वाकून बघायची. बायका पदर ओढून घ्यायच्या. पोरं पळवणारी समजायच्या. पावसाळा गेला, थंडी आली. भिवाचा चेहरा तिला आता नीट आठवेना, फक्त बोटं आठवायची, पदर धरलेली, आणि ती सोडवताना लागलेला त्यांचा जोर. हे तिनं कस्तुराला कधी सांगितलं नव्हतं.

कस्तुरा पार वाळली. अखेर तिला दवाखान्यात आणून खाटेवर निजवावं लागलं. कुसुमताई तिला चमच्यानं पेज पाजायची आणि पाजताना तिच्याकडं बघायची टाळायची. चिमाबाईच्या ते ध्यानात आलं. पण एकटी नर्स एकटीशी बोलणार नाही, हेही तिला कळत होतं. ज्याला त्याला आपापला तुकडा ठाऊक. आणि तुकडा हातात धरून जो तो दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत होता. ही माणसं एका जागी आणल्याशिवाय काही व्हायचं नाही. आणि बोलावून यायची नाहीत.

तिनं एक लबाडी केली. अण्णासाहेबांना सांगितलं, “मंडळाच्या बाई गुरुवारी दवाखान्यात येणार हायती. आपल्या कस्तुराला बघायला. फोटूवाला बी आणतील म्हंत्यात.” प्रभावतीबाईंना सांगितलं, “साहेब येणार हायती. मंडळानं पोरगं हरवलं असं सांगणार हायती डॉक्टरला.” आळंदीला निरोप धाडला की पोरगी अखेरच्या घटका मोजते आहे. हा शेवटचा निरोप तेवढा फार खोटा नव्हता.

गुरुवारी सगळे आले. वीज गेलेली, पंखे थांबलेले, कारखाने गप्प. कस्तुराची खाट ओसरीत घेतली होती. बाकाच्या एका टोकाला अण्णासाहेब, दुसऱ्या टोकाला प्रभावतीबाई, मध्ये सोपानराव आपली पिशवी मांडीवर घेऊन.

“फोटोग्राफर दिसत नाही,” अण्णासाहेब म्हणाले.

“कसला फोटोग्राफर? तुम्ही डॉक्टरांकडं तक्रार करणार होतात ना?” प्रभावतीबाई म्हणाल्या. मग दोघांनी चिमाबाईकडं बघितलं, आणि दोघांना समजलं.

“हा काय चावटपणा आहे?”

“हाय साहेब. मला काढून टाका मागनं. आदी ऐका.”

पण ऐकणार कोण. तोंडं सुटली. तुम्ही मूल पाठवायच्या आधी चिठ्ठी का दिली नाही. तुम्ही जीप वाटेल त्याला का देता. तुम्ही आजारी मुलं का घेत नाही. तुम्ही घेतलेली परत का करता. सोपानराव मध्ये “माउली, माउली” करत राहिले. खाटेवरची पोर डोळे उघडून ऐकत होती. चिमाबाई पुढं आली. ती फरशीवर बसली, खाटेच्या पायाला धरून.

“कस्तुरा,” ती म्हणाली, “तुला मेथीला मी धाडलं. भिवानं माझा पदर धरला हुता. मी त्याची बोटं सोडवली. कुठं नेता म्हणून विचारलं न्हाई. या कुणाचं काय न्हाई. मी न्हाई विचारलं.”

कस्तुरानं तोंड भिंतीकडं वळवलं. चिमाबाईला वाटलं, हे शेवटचं. आता हिला कुणीच नाही, मीही नाही.

पहिल्यांदा सोपानराव बोलले, हळू. “मीही नाही विचारलं. इथल्या पायरीवर दिलं आणि वळलो. साखर तेवढी घातली.” मग पिशवीशी चाळा करत म्हणाले, “अंगडं होतं अंगावर. आमच्या पताकांच्या उरलेल्या कापडाचं. भगवं.”

प्रभावतीबाईंनी मान वर केली. “भगवं अंगडं?”

“व्हय बाई, का वो?” चिमाबाई म्हणाली.

“एक बाई आली होती मंडळात. भोसरीची. कडेवर भगव्या अंगड्यातलं पोर. म्हणत होती, याला जन्माचा दाखला काढून द्या. मी विचारलं, बाळंतपण कुठं झालं, तर घाबरली. मी हाकलून दिली. लांडेवाडीची, लेथवाल्याची बायको म्हणाली होती. आमच्याकडं असं कुणी कुणी येतं.”

कुसुमताईच्या हातातली वाटी खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

“मंजुळाबाई,” ती म्हणाली. “तिच्या मालकाचं, ज्योतीरामचं, बोट मशिनीत सापडलं होतं. तो इथं होता तेव्हा ती या पोराजवळ बसायची. गोवरात रात्रंदिवस तिनंच केलं. तिचं मूल जगलेलं नाही. मी म्हटलं, बरं होईतोवर घेऊन जा. कुणाला न सांगता दिलं. मग मागायला तोंड झालं नाही.” तिनं पदर डोळ्यांना लावला. “माझी नोकरी जाईल, साहेब.”

सगळ्यांना वाटलं अण्णासाहेब आता उसळतील. ते उठले, चष्मा पुसला. “नोकरीचं नंतर बघू. प्रभावतीबाई, जीप आहे ना खाली?”

“आहे. बसा. जरा दाटीवाटी होईल.”

कस्तुराला घोंगडीत गुंडाळून चिमाबाईनं मांडीवर घेतलं. लांडेवाडीच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. शेवटच्या खोलीपुढं लेथवर सोलून निघालेल्या लोखंडाच्या कापांचा ढीग उन्हात चमकत होता, आणि त्यातल्या एका वळणदार कापाशी खेळत भिवा उंबऱ्यात बसला होता. बाळसं धरलं होतं त्यानं.

कस्तुरा घोंगडीतून उतरली. भावासमोर जाऊन उभी राहिली. भिवानं तिच्याकडं बघितलं आणि रडत आत पळाला. “आई, आई.”

मंजुळाबाई त्याला उराशी घेऊन दारात आली. जीप बघितली, माणसं बघितली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती मागं सरून भिंतीला टेकली.

“मी चोरलं न्हाई. ताईंनी दिलं.”

ज्योतीराम बाहेर आला, एका बोटाचं पेर नसलेला हात पुसत. “बसा साहेब. चहा टाकू का?”

आणि मग पुन्हा तेच. अण्णासाहेब म्हणाले, मूल मुळात बालगृहाचं, आधी आमच्याकडं यायला हवं. प्रभावतीबाई म्हणाल्या, एवढं लहान मूल, शिशुगृहातच. सोपानरावांनी गोवर गेला आहे ना, असं विचारलं. माया सगळ्यांना होती. म्हणूनच जो तो ओढत होता. मंजुळाबाईच्या कडेवर भिवा आणखी घट्ट चिकटला. कस्तुरा उंबऱ्याबाहेर, वाकडी, रिकाम्या कमरेनं उभी. पोर आता कोसळेल असं चिमाबाईला वाटलं. ती मंजुळाबाईपुढं गेली.

“त्याला न्यायचं न्हाई. ठेव तू. पर हिला बी घे.”

“हिला?” मंजुळाबाईनं कस्तुराला नखशिखांत बघितलं. “ही मोठी हाय, मावशी. हिला तिची आई ठावं हाय. रोज सांगंल त्याला.”

“सांगंल. सांगू दे. त्याला आदी एक आई हुती, आता तू हायेस. दोन आया असल्या म्हणून लेकराला काय अडचण?”

“दोघांच्या घासाचं मी बघीन, मंजुळा,” ज्योतीराम मागून म्हणाला. “ओव्हरटाइम मिळतो आता.”

मंजुळाबाईनं भिवाला कडेवर वर सरकवलं. मग चिमाबाईकडं बोट न करता, नुसत्या नजरेनं दाखवून म्हणाली, “घेईन. पर तुमी यायचं न्हाई. ही तुमची हाय, दिसतंय मला. तुमी येत ऱ्हायलात तर ही दारात उभी ऱ्हाईल, तुमची वाट बघत. आन् एक दिवस त्याला बी घेऊन निघंल. तुमी आलात तर मी दोघांना न्हाई सांभाळू शकणार.”

चिमाबाईला राग आला नाही. बाई खरं बोलत होती. एवढ्या महिन्यांत कस्तुरा तिच्या कुशीत निजली होती, तिच्या हातानं केस विंचरून घेतले होते. बालगृहातली इतकी पोरं मावशी म्हणाली, पण या एकीनं तिला आतून धरलं होतं.

“न्हाई येणार,” ती म्हणाली.

अण्णासाहेब आणि प्रभावतीबाईंनी एकमेकांकडं बघितलं. भोसरीला महिन्यातून एकदा कोण येणार, बालगृह की मंडळ, यावर ते बोलू लागले. आणि बोलता बोलता ठरवलं, की दोघांनी मिळून यायचं, आणि आळंदीला कळवायचं, आणि दोन्ही मुलं मंजुळाबाईकडं राहावीत म्हणून कोर्टात दोघांनी मिळून उभं राहायचं. सोपानराव मान डोलावत होते. कुसुमताई कस्तुराचे केस कानामागं सारत होती. चिमाबाईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिनं कस्तुराची घोंगडी झटकली, घडी केली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली.

कस्तुराला आत घेऊन मंजुळाबाईनं भिवाला खाली सोडलं होतं, आणि त्यानं तिला आपला लोखंडी काप दाखवायला सुरुवात केली होती. आधी लांबून, मग जवळून. कस्तुरा खाली बसली. त्यानं काप तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि परत उचलला. परत ठेवला. ती त्याच्या हाताकडं बघत होती. तिचं दाराकडं लक्ष नव्हतं.

“चला चिमाबाई, जीपमध्ये बसा,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“तुमी व्हा म्होरं. मी चालती.”

ती निघाली. शेडांच्या मधल्या वाटेनं, बंद यंत्रांच्या आणि तापलेल्या पत्र्यांच्या कडेनं, पदर डोक्यावर ओढून घेत. तिनं पाऊल भरभर टाकलं नाही, हळूही टाकलं नाही. मागं वळून बघितलं नाही. जीप धूळ उडवत तिच्या बाजूनं गेली. वाट नाशिक रस्त्याला मिळते तिथं एका कारखान्याची लांब भिंत आहे. त्या भिंतीच्या कडेनं ती लहान लहान होत गेली.

तिला जाताना बघत उभी होती ती मंजुळाबाई. मालक आत बोलावत होता, पोरं जमिनीवर खेळत होती, चुलीवर दूध चढलं होतं. ती दारातून हलली नाही.